सोलापुरात एलसी-एमएस लॅब टाकावी का? मास स्पेकची मागणी खरंच एवढी वाढलीय का?

लॅबवाला_होटगीरोड

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी होणार आहे, पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून सविस्तर लिहितो. सोलापुरात आमची छोटी टेस्टिंग लॅब आहे, पाणी, माती आणि थोडंफार फूड. मशीनं म्हणाल तर यूव्ही डिटेक्टरची एक एचपीएलसी (द्रवातले पदार्थ वेगळे करून बघणारी), एफआयडीवाला एक जीसी (तेच वायूरूपात करणारा), एएएस (धातू मोजायला), आणि बाकी मग टायट्रेशन, ओव्हन, मफल फर्नेस हे नेहमीचं. पाण्याच्या काही पॅरामीटरला एनएबीएल (लॅबची अधिकृत मान्यता) आहे. वडिलांनी चालू केली, आता मी बघतो.

गेल्या काही वर्षांत लोकं जे विचारायला येतात तेच बदललंय. आधी माणूस बाटली घेऊन यायचा आणि विचारायचा पाणी पिण्यासारखं आहे का, संपला विषय. आता सांगोल्याचा डाळिंबवाला येतो तो मोबाईलवर लिस्टच दाखवतो, दीडशे-दोनशे औषधांची, म्हणतो एवढ्यांचा रेसिड्यू (फळात उरलेला अंश) रिपोर्ट पाहिजे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला म्हणतो बायरने अझो अमाईनचा (काही रंग तुटून निघणारी घातक रसायनं) रिपोर्ट मागितलाय. चिंचोळीतून फोन येतो, नायट्रोसामाईन करता का. मसालेवाल्याला इथिलीन ऑक्साईड पाहिजे. मला यातलं एकही करता येत नाही, सगळं पुण्याला नाहीतर मुंबईला पाठवतो, चार-सहा दिवस जातात आणि पार्टी शेवटी थेट तिकडंच जायला लागते.

आता मशीन कंपन्यांचे सेल्सवाले येऊन सांगतायत की मास स्पेकला (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूचं वस्तुमान मोजून पदार्थ ओळखणारं मशीन, एलसीला जोडलं की एलसी-एमएस, जीसीला जोडलं की जीसी-एमएस) प्रत्येक इंडस्ट्रीत डिमांड आहे, फार्मा, फूड, टेक्स्टाईल, हॉस्पिटल, पाणी, फॉरेन्सिक, आत्ताच घ्या नाहीतर दुसरा कोणीतरी सोलापुरात टाकेल. ट्रिपल क्वाडचा (दोन टप्प्यांत वस्तुमान तपासणारं मास स्पेक) आकडा कोटीच्या पुढं जातो, बँक मॅनेजरसुद्धा दोनदा विचारतो कशाचं मशीन म्हणून. मला लोकांकडून ऐकायचंय. ही मागणी खरी आहे का, ती टिकणारी आहे का, आणि एक मशीन घेतलं तर वर सांगितलेली सगळी गिऱ्हाईकं सांभाळता येतील का? जुनं रिफर्बिश्ड मशीन निम्म्या किमतीत मिळतंय, ते घ्यावं का हेही सांगा.

क्यूसी_चिंचोळी

दादा, मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका एपीआय (औषधाचा मूळ घटक) प्लँटच्या क्यूसीत, म्हणजे क्वालिटी तपासणीत आहे, आधी हैदराबादला होते. मागणी शंभर टक्के खरी आहे. पण ती कुठून येते ते आधी समजून घ्या म्हणजे तुमचं तुम्हालाच उत्तर सापडेल.

मशीन चांगलं आहे म्हणून कोणी मास स्पेक घेत नाही हो. लिमिट खाली आली की घ्यावंच लागतं. आमच्याकडचंच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये ब्लडप्रेशरच्या व्हल्सार्टनमध्ये एनडीएमए (कॅन्सरचा धोका असलेलं एक नायट्रोसामाईन) सापडलं. अनेक वर्षं ते मटेरियल सगळ्या टेस्ट पास होऊन जात होतं, कारण एचपीएलसी यूव्हीवर ते दिसायचंच नाही, आणि त्या जागी ते असेल अशी शंकाही कोणी घेतली नव्हती. मग लिमिट ठरली, एनडीएमए दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. आता ३२० मिलिग्रॅमच्या गोळीला हिशोब लावा, ०.३ पीपीएम येतो. एवढं खाली यूव्हीने कसं बघणार? त्या एका प्रकरणानंतर जगभरच्या एपीआय कंपन्यांना जीसी-एमएस आणि एलसी-एमएस घ्यायला लागले, कारण रेग्युलेटरने सांगितलं की सगळ्याच औषधांची रिस्क असेसमेंट करा.

यूव्ही आणि मास यातला फरक नवीन मुलांना मी असा सांगते. यूव्हीवर सव्वादहाच्या एसटीतून जो उतरला तोच आपला पाहुणा असं धरून चालायचं, रिटेन्शन टाईम जुळला की झालं. मासमध्ये त्याचं ओळखपत्र बघतात. ट्रिपल क्वाडमध्ये तर आधी त्या मॉलिक्यूलचं वस्तुमान निवडायचं, मग आर्गॉन नाहीतर नायट्रोजनवर आपटून त्याचे तुकडे करायचे आणि ठराविक दोन तुकडे ठराविक प्रमाणात आले तरच हो म्हणायचं. म्हणून कोर्टात आणि ऑडिटमध्ये तो रिपोर्ट टिकतो.

पण मशीन आहे म्हणजे उत्तर बरोबर येणार असंही नाही. २०१९ ला रॅनिटिडीनचं झालं ते वाचा कधीतरी. एका लॅबने जीसी-एमएसवर टेस्ट केली आणि एनडीएमएचे प्रचंड आकडे आले. नंतर अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं की त्या पद्धतीत सॅम्पल १३० डिग्रीला तापवतात आणि त्या उष्णतेनेच रॅनिटिडीनमधून एनडीएमए तयार होतं, तेव्हा एलसी-एचआरएमएस (वस्तुमान जास्त बारकाईने मोजणारं एलसी-एमएस) वापरा. तसं केल्यावर आकडे खूप खाली आले, पण शून्य नाही आले, आणि साठवणीत ते वाढतं हे कळल्यावर एप्रिल २०२० मध्ये औषधच तिकडच्या मार्केटमधून काढायला सांगितलं. त्यामुळे नुसतं मशीन घेऊन भागत नाही, कुठल्या मॉलिक्यूलला कुठली मेथड हे कळणारा माणूस आधी लागतो.

आता तुमच्या कामाचं. फार्माच्या भरवशावर मशीन घेऊ नका. मोठे प्लँट स्वतःचंच घेतात आणि छोटे प्लँट अशाच लॅबकडे जातात जिचं ऑडिट त्यांच्या कस्टमरने आधीच केलेलं असतं. ऑडिट ट्रेल, डेटा इंटिग्रिटी, पासवर्ड कोणाकडे, रॉ डेटा कोणी डिलीट केला का, हे सगळं ते बघतात आणि त्याचा सेटअप हे एक वेगळंच काम आहे. हेवी मेटलचंही तसंच. जुनी सल्फाईडची रंग बघायची टेस्ट यूएसपीने (अमेरिकेचं औषधांचं मानक) १ जानेवारी २०१८ पासून बंद केली, आता शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे आयसीपी-एमएसवर (धातू मोजायचं मास स्पेक). ते परत वेगळं मशीन आहे. एलसी-एमएसवर शिसं बघता येत नाही आणि आयसीपी-एमएसवर कीटकनाशक बघता येत नाही. सेल्सवाले हे पहिल्या मिटिंगमध्ये सांगत नाहीत.

कासेगावचा_बागायतदार

राम राम. लॅबवाले मालक, आमची द्राक्षं आहेत आणि आता चार एकर डाळिंबही लावलंय, तुम्हाला शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो.

२०१० सालचं आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. माल युरोपला गेला, कागद सगळे क्लीन, आणि तिकडं पोचल्यावर सीसीसी निघालं म्हणून कंटेनर अडकले. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट, लिहोसिन म्हणायचो आम्ही, खरड छाटणीनंतर काडीत घड निर्मिती व्हावी म्हणून मारायचे. एप्रिल-मे मधी मारलेलं औषध पुढच्या वर्षी मण्यात निघंल असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आणि इथल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं. म्हणजे रिपोर्टवर लिहिलेलं खोटं नव्हतं, जे बघितलं नाही ते सापडलं नाही एवढंच. पण बुडाला कोण, शेतकरी आणि एक्स्पोर्टर. त्या वर्षी किती जणांनी सोसायटीचं कर्ज फिरवलं ते गावात विचारा.

तेव्हापासून आम्ही रिपोर्ट हातात घेतला की "नॉट डिटेक्टेड" बघायच्या आधी कुठली कुठली औषधं बघितली आणि किती खालपर्यंत बघितली ते वाचतो. युरोपात ज्या औषधाला वेगळी एमआरएल (रेसिड्यूची कमाल मर्यादा) ठरलेली नाही त्याला ०.०१ मिलिग्रॅम किलोला. माझ्या पोरानं मला हिशोब करून दाखवला, शंभर टन मालात एक ग्रॅम. शंभर टन म्हणजे सात-आठ कंटेनर होतात ओ. शेजाऱ्याच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्यानं आपल्या कडेच्या ओळीवर आला तरी घोटाळा होऊ शकतो.

एक्स्पोर्टच्या द्राक्षाला ग्रेपनेटमधी (ऑनलाईन नोंदणी) बाग रजिस्टर करायची आणि अपेडानं (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) मान्यता दिलेल्या लॅबनंच येऊन सॅम्पल काढायचं, तिथं तुमच्या नव्या लॅबचा रिपोर्ट चालणार नाही, हे आधी लक्षात घ्या. पण आम्हाला त्याच्या आधीचा रिपोर्ट पाहिजे असतो. काढणीला पंधरा-वीस दिवस असताना एकदा बघून घ्यायचं की काय राहिलंय, म्हंजे थांबायचं की व्यापाऱ्याला बोलवायचं ते ठरतं. तो रिपोर्ट दोन दिवसात आला तर त्याला किंमत, आठ दिवसांनी आला तर रद्दी. पुण्याला सॅम्पल पाठवायचं म्हंजे कुरिअर, गर्दीच्या सीझनला तिथं रांग. सोलापुरात ४८ तासात खरा रिपोर्ट कोणी दिला तर पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, मोहोळ सगळीकडून लोकं येतील. डाळिंबाला तर जास्तच. तेल्यावर (डाळिंबाचा जिवाणूचा रोग) स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक किती वर्षं मारलं लोकांनी, आता युरोपचा बायर पहिला तेच विचारतो.

आणि सॅम्पल कसं काढायचं ते शेतकऱ्याला शिकवा. एकाच झाडाचे चार घड पिशवीत घालून आणून देतात आणि मग रिपोर्टवर भांडतात.

लॅबवाला_होटगीरोड

मॅडम आणि बागायतदार साहेब, दोघांचेही मनापासून आभार. शंभर टनात एक ग्रॅम हे वाचून थांबलोच. एक शंका, मी आत्तापर्यंत असं धरून चाललो होतो की क्वेचर्स (सॅम्पलमधून औषधं काढून घ्यायची पद्धत) करून एकदा एलसी-एमएसएमएसवर, म्हणजे ट्रिपल क्वाडवर टाकलं की सगळी दोनशे औषधं एका रनमध्ये येतात. सीसीसी आणि स्ट्रेप्टोसायक्लिनमधलं स्ट्रेप्टोमायसिन त्यात येत नाही का मग?

क्यूसी_चिंचोळी

नाही येत दादा. क्वेचर्समध्ये सॅम्पल वाटायचं, १० ग्रॅम घ्यायचं, अॅसिटोनायट्राईल, मॅग्नेशियम सल्फेट, मीठ टाकून हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचा थर घ्यायचा. जे पाण्यातच राहणं पसंत करतात, म्हणजे खूप पोलर, ते वरच्या थरात येतच नाहीत. क्लोरमेक्वाट, फोसेटिल, ग्लायफोसेट, स्ट्रेप्टोमायसिन हे सगळे त्यातले. त्यांना वेगळं एक्स्ट्रॅक्शन आणि बहुतेक वेळा वेगळा कॉलम, युरोपच्या लॅब त्यासाठी क्यूपीपीई म्हणून मेथड वापरतात. शिवाय काही औषधं एलसीवर आयोनाईजच नीट होत नाहीत, त्यांना जीसी-एमएसएमएस लागतं. मसालेवाल्याचं इथिलीन ऑक्साईड (जंतू मारायला वापरतात तो वायू) तर जीसीवरच, आणि युरोप ते २-क्लोरोइथेनॉलसकट एकत्र मोजतो, कारण इथिलीन ऑक्साईड स्वतः उडून जातं आणि मागे हे राहतं. २०२० मध्ये आपल्या तिळात सापडलं तेव्हापासून तिळाला आणि मसाल्याला ही टेस्ट लागलीच आहे.

आणि डाळिंबाच्या सालीत टॅनिन किती असतात माहितीये ना, त्याने सिग्नल दबतो. शुद्ध सॉल्व्हंटमध्ये स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत प्रमाणाचं द्रावण) बनवून डाळिंबाचं उत्तर काढलं तर आकडा कमी येईल आणि शेतकरी खूश होऊन माल पाठवेल. स्टँडर्ड डाळिंबाच्याच अर्कात बनवायचं, आणि तेही अशा डाळिंबाच्या ज्यात काहीच फवारलेलं नाही. असं डाळिंब सोलापूर जिल्ह्यात शोधणं हे पहिलं काम. रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या औषधातलं किती परत सापडलं) ७० ते १२० टक्क्यांत आली पाहिजे, दोन आयनच्या गुणोत्तरातला स्टँडर्डपासूनचा फरक ३० टक्क्यांच्या आत, हे युरोपच्या सांते गाईडलाईनमध्ये आहे आणि एनएबीएलचा असेसरही तेच विचारतो.

सर्व्हिसवाला

मी इन्स्टॉलेशन आणि सर्व्हिसमध्ये आहे, कंपनीचं नाव घेत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा फिरतो. मागणी वाढलीय का तर आमच्या फोनवरून कळतं, आधी कॉल फक्त फार्माचे असायचे, आता फूड लॅब, हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, इतकंच काय गळती शोधायची हेलियम लीक डिटेक्टर मशीनं पण, त्याच्यात आत छोटं मास स्पेकच असतं, एसी-फ्रिज आणि गाड्यांचे पार्ट बनवणारे वापरतात, त्यांना स्वतःला माहितीही नसतं की आपल्याकडे मास स्पेक आहे.

तुम्हाला मी जागेचं सांगतो, कारण पैसे तिथं बुडतात. मशीनच्या आत व्हॅक्यूम लागतो, बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा काही कोटी पटीने कमी. त्यासाठी टर्बो पंप आणि त्याच्या मागे रोटरी पंप, दोन्ही चोवीस तास, बाराही महिने चालू. शनिवार-रविवार बंद ठेवून सोमवारी चालू केलं असं चालत नाही, एकदा व्हेंट केलं (आत हवा सोडली) की परत स्थिर व्हायला बहुतेक वेळा रात्र जाते. त्यामुळे लाईट. सोलापुरात उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरवर लोड येऊन लाईट कशी खेळते ते मी तुम्हाला सांगायला नको. ऑनलाईन यूपीएस मशीनलाही पाहिजे, पंपालाही पाहिजे आणि नायट्रोजन जनरेटरलाही पाहिजे, लोकं पहिल्याला देतात आणि बाकीचे दोन विसरतात, मग पंप ट्रिप होतो. वेगळं अर्थिंग, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज इंजिनियरसमोर मोजून घ्या. एसी दोन, आलटून पालटून चालणारे, कारण मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना एक एसी गेला तर मशीन स्वतःच बंद पडतं, आणि पडलं नाही तर मास कॅलिब्रेशन सरकतं ते अजून वाईट, कारण ते लवकर लक्षात येत नाही. रोटरी पंपाचा धूर पाईपने बाहेर काढा, त्यात सॉल्व्हंट असतं, खोलीत सोडू नका, तुमची माणसं तिथं दिवसभर बसणारेत.

रिफर्बिश्डचं विचारलंत. घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी लेखी घ्या. त्या मॉडेलचे पार्ट कंपनी अजून किती वर्षं देणार, सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर होणार का, आणि सर्व्हिस कोण देणार. तिसऱ्याचं उत्तर "आमचा माणूस आहे" असं आलं तर तो माणूस कुठे राहतो ते विचारा. जुन्या मशीनचा डिटेक्टर दमलेला असतो, ज्या खालच्या लेव्हलसाठी तुम्ही मशीन घेताय तिथंच ते कमी पडतं. डेमोला त्यांचं स्टँडर्ड नको, तुमच्या डाळिंबात स्पाईक केलेलं (मोजून औषध घातलेलं) ०.०१ चं सॅम्पल घेऊन जा आणि समोर चालवा. नवं घेतलंत तरी हेच करा.

चालवायचा खर्चही धरा, एलसी-एमएस ग्रेड सॉल्व्हंट, कॉलम, दोनशे औषधांची सर्टिफाईड स्टँडर्ड (ती एक्सपायर होतात), एएमसी (वर्षाचा देखभाल करार). जीसी-एमएसला हेलियम, त्याचा दर आणि मिळणं दोन्ही बेभरवशाचं झालंय, हायड्रोजनवर जाणारे लोक वाढलेत. पीएफएएसचं (सहज न मोडणारी फ्लोरिनची रसायनं) कोणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्यातल्या पीएफओए आणि पीएफओएसला लिटरला ४ नॅनोग्रॅम ही लिमिट लावली म्हणून सगळे विचारतात, पण साध्या एलसीच्या आत टेफ्लॉनच्या ट्यूबा असतात, त्यातूनच ते येतं, त्या बदलून वेगळं किट बसवल्याशिवाय ब्लँकच (सॅम्पल न घालता केलेली तपासणी) क्लीन येत नाही.

टॉवेल_पूर्वभाग

आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, थोडं एक्स्पोर्ट. आमच्यासारख्या गिऱ्हाईकाबद्दल खरं काय ते सांगतो म्हणजे तुमचा हिशोब चुकणार नाही.

अझोची टेस्ट आम्हाला लागते हे बरोबर. सगळेच अझो रंग बंद नाहीत, जे तुटून ठराविक अमाईन सोडतात तेवढेच. युरोपच्या यादीत २२ अमाईन आहेत, बेंझिडीन त्यातलंच, आणि लिमिट ३० मिलिग्रॅम किलोला. आपल्याकडेही असे रंग १९९७ पासून बंद आहेत, त्यामुळे चांगल्या कंपनीचा रंग घेतला तर काही निघत नाही. पण सुटा रंग, बाहेरून रंगवून घेतलेलं सूत, जॉबवर्क, तिथं धाकधूक असते. लॅबमध्ये कापडाचा तुकडा डायथायोनाईट घालून ७० डिग्रीला ठेवतात, रंग तोडतात आणि मग जीसी-एमएसवर बघतात. म्हणजे ०.०१ पर्यंत खाली जायची गरज नाही, साधं सिंगल क्वाड जीसी-एमएस पुरतं, ट्रिपल क्वाडचे पैसे त्यासाठी घालू नका.

पण आमचा बायर बहुतेक वेळा लॅबचं नाव स्वतः सांगतो, मोठ्या आंतरराष्ट्रीय लॅब. तुमच्याकडे आम्ही येऊ ते आधी घरचं बघून घ्यायला, नवीन रंगाचा लॉट आला की. हे काम पूर्वभागातल्या सगळ्या डाय हाऊसचं मिळून बऱ्यापैकी होईल, पण एका सॅम्पलला किती देऊ शकतो हे आमच्या मार्जिनवर आहे. पुण्याच्या निम्म्या वेळात रिपोर्ट मिळाला तर लोकं पुण्याएवढेच पैसे देतील, मी तरी देईन. चादरवाल्यांना आजच याची गरज वाटत नाही कारण माल देशातच खपतो, पण अंगावर घ्यायची वस्तू आहे, त्यांनीही बघायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे.

केमिस्ट्री_सर

चर्चा फार चांगली चाललीय म्हणून लिहितोय. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात एमएस्सीला शिकवतो.

सगळीकडे मागणी का वाढली याला एक तांत्रिक कारणही आहे. मास स्पेक्ट्रोमीटर जुनं आहे, अॅस्टनने १९१९ मध्ये बनवलं आणि त्यावर त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं. पण अनेक वर्षं ते फिजिक्स आणि पेट्रोलियमवाल्यांकडेच होतं, कारण वायू होणाऱ्या पदार्थांनाच ते चालायचं. द्रवातला मोठा रेणू न मोडता व्हॅक्यूममध्ये आयन करून कसा न्यायचा हा अडसर होता. इलेक्ट्रोस्प्रेने तो सोडवला, त्याबद्दल फेन यांना आणि लेझरच्या पद्धतीबद्दल कोइची तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं. तानाका एका मशीन कंपनीत नोकरी करणारे इंजिनियर होते, पीएचडी नव्हती, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. त्यानंतर प्रोटीन, औषधं, कीटकनाशकं, रक्तातले हार्मोन सगळं या मशीनच्या टप्प्यात आलं. मोठ्या हॉस्पिटलात माल्डी-टॉफवर (लेझरच्या पद्धतीचं मास स्पेक) जिवाणूची वसाहत ठेवली की कुठला जिवाणू ते काही मिनिटांत कळतं, जिथं आधी आणखी एक दिवस जायचा. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून चयापचयाचे अनेक आजार एकाच वेळी तपासता येतात. चांद्रयान-१ च्या मून इम्पॅक्ट प्रोबवरही १४ नोव्हेंबर २००८ ला असंच एक छोटं मास स्पेक होतं, चंद्राच्या जवळचा विरळ वायू मोजायला.

आणि आमच्या मुलांचं काय, तर एमएस्सी अॅनॅलिटिकल करून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांनी हे मशीन हाताळलेलं नसतं, पुस्तकातला स्पेक्ट्रम ओळखून पास होतात. मुलं हुशार आहेत, खेड्यातून रोज एसटीने येऊन शिकतात, पण मशीन बघायला मिळत नाही. चिंचोळीत जागा निघते आणि माणूस हैदराबादहून येतो, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही लॅब टाकलीत तर दर सहामाहीत दोन मुलं प्रोजेक्टला घ्या, त्यातलीच तुमची माणसं तयार होतील. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या गावात आहे, तिथं जाऊन एकदा बोला. डाळिंबात कुठलं औषध किती दिवस राहतं यावर काम करणारी माणसं इतक्या जवळ असताना सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

लॅबवाला_होटगीरोड

एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल रात्री वडिलांनाही वाचून दाखवलं.

मी असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. फार्माचं काम पहिल्या टप्प्यात धरायचंच नाही. आधी सिंगल क्वाड जीसी-एमएस, आमच्या जीसीवर काम केलेली माणसं आहेत त्यामुळे शिकायला सोपं जाईल, त्यावर टॉवेलचं अझो. तोपर्यंत खोली, अर्थिंग, यूपीएस सगळं ट्रिपल क्वाडच्या हिशोबानेच करून ठेवायचं. मग एलसी-एमएसएमएस, तेही फक्त डाळिंब आणि द्राक्ष, दुसरं काही नाही. द्राक्षाचं काम जानेवारी ते एप्रिल, डाळिंबाचा आंबे, मृग, हस्त असे तिन्ही बहार धरले तर वर्षातले बरेच महिने मशीन रिकामं राहणार नाही असा अंदाज आहे. एनएबीएलचा स्कोप वाढवायला मेथड व्हॅलिडेशनचा डेटा लागेल, तो बनवतानाच आजूबाजूच्या शेतकऱ्यांची सॅम्पल कमी पैशात करून द्यायची, पण रिपोर्टवर स्पष्ट लिहून की अजून अॅक्रेडिटेड नाही. आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर काय बघितलं आणि काय नाही बघितलं याची यादी, सीसीसीचं वाचल्यापासून हे पक्कं केलंय.

मॅडम, एकच विचारायचंय. मशीन यायच्या आधी माझ्या दोन केमिस्टना कुठे आणि काय शिकवून आणू?

क्यूसी_चिंचोळी

मशीनचं ट्रेनिंग कंपनी देतेच, ते ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी एकदा, तीन महिन्यांनी परत एकदा असं मागा, कारण पहिल्या वेळी काय विचारायचं हेच कळत नाही. त्याआधी त्यांना क्वेचर्स करायला लावा, आत्तापासून, तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज असेलच. डाळिंब गोठवून वाटायचं, स्पाईक करायचं, काढायचं, आणि तुमच्याच एचपीएलसीवर एखाद्या यूव्हीला दिसणाऱ्या औषधाची रिकव्हरी बघायची, थोडं जास्त कॉन्सन्ट्रेशन घेऊन. दोघांनी वेगवेगळं करून आकडे जुळले की हात बसला समजा. जीसी-एमएस आधी घेताय ते बरोबर आहे. आणि बागायतदार काका म्हणाले ते सॅम्पलिंगचं ट्रेनिंग दोघांना बागेत नेऊनच द्या, काका परवानगी देतील असं वाटतं.

कासेगावचा_बागायतदार

कधीही या. पण छाटणी चालू असताना नको, मजुराची गडबड असते. दिवाळीनंतर फोन करून या, बाग दाखवतो आणि फवारणीची डायरी पण दाखवतो, तुमच्या पोरांना औषधांची बाजारातली नावं आणि आतला घटक दोन्ही पाठ पाहिजेत, आम्ही दुकानातलं नाव सांगतो आणि तुमची लॅब दुसरंच नाव लिहिते.